अठ्ठ्याण्णव अंशांचं तेल

१

सोमवारी सकाळी सुनयना मावल्यातल्या ऑफिसचा जिना चढून वर आली, तेव्हा केशवराव तिच्याआधीच येऊन बसले होते आणि समोरच्या चहावर साय धरली होती. चहा थंड होऊ देणारा हा माणूस नव्हे. काहीतरी बिघडलंय, हे तिला दारातच कळलं.

"आज सकाळी पंचावन्न होतं," केशवराव म्हणाले. "हात गारठून गेले."

केशवरावांची थंडी फॅरेनहाइटमध्ये असायची. उभी हयात त्यांनी तेल कंपनीत काढली, तिथे सुरुवातीला जे शिकले ते सत्तरीतही सुटलं नव्हतं. निवृत्त होऊन आदिलाबादला परतल्यावर फवारणी पंपांच्या दुकानावर तीन खोल्या घेऊन त्यांनी हे ऑफिस थाटलं. गुजरातमधल्या प्रयोगशाळेतली चांगली नोकरी सोडून सुनयना दोन वर्षांपूर्वी आली, ती त्यांच्याच शब्दावर. शिवाय गुडीहत्नूरहून बसने येणारी रुपा, आणि भैंशाकडचा देवानंद. चार माणसं.

काम असं, की ऐकणाऱ्याला खोटं वाटावं. जमिनीखाली दोन-अडीच किलोमीटरवरच्या तेलात गॅस विरघळलेला असतो, सोड्याच्या बाटलीत असतो तसा. तेल उपसत गेलं की दाब उतरतो आणि एका ठरावीक आकड्याला पहिला बुडबुडा सुटतो. त्या आकड्याला बबल पॉइंट म्हणतात. कोणत्या दाबाला तेलात गॅस किती, तेल फुगलेलं किती, घट्ट किती, याची टेबलं हे चौघं करून देत. कंपन्या ती टेबलं कम्प्युटरमधल्या नकली तेलविहिरीला भरवत, आणि तिचं वागणं पाहून खरी विहीर कशी चालवायची ते ठरवत.

केशवरावांनी एक पत्र पुढे सरकवलं. जूनमध्ये टेबल घेतलेल्या कंपनीचं होतं. सुनयनाने उभ्याउभ्याच वाचलं. तुमच्या टेबलात बबल पॉइंट एकशे सहासष्ट बार दाबाला होता. त्यावर विसंबून आम्ही दाब एकशे ऐंशीपर्यंत उतरू दिला. गॅस त्याच्या कितीतरी आधीच जमिनीत सुटला. दोन विहिरी आता तेलाऐवजी गॅसच ओकताहेत आणि खालचं बरंचसं तेल कायमचं अडकलं आहे. आठ दिवसांत लेखी खुलासा करावा.

"एकशे सहासष्ट?" ती खुर्चीत बसली. "सर, हे आपलं टेबल असूच शकत नाही."

"मी भी तेच म्हणतो." केशवरावांनी एक प्रिंट दिली. ऑफिसच्या संग्रहातली फाईल, तारीख बारा जून. दाब वीस-वीसच्या टप्प्याने चढत होता आणि बबल पॉइंट होता दोनशे दहा.

"आपल्याजवळ दोनशे दहा, त्यांच्याजवळ एकशे सहासष्ट," सुनयना सावकाश म्हणाली. "म्हणजे पाठवताना कुणीतरी टेबल बदललं."

केशवराव खिडकीबाहेर पाहत राहिले. कापसाने भरलेला ट्रॅक्टर रस्त्यावरून जात होता.

"खुलासा मी लिहितो," ते म्हणाले. "तू लय खोलात नको जाऊ."

पण खोलात न जाणं सुनयनाच्या स्वभावात नव्हतं.

२

तिने आधी रुपाला बोलावलं.

"बारा जूनले मी नोतीच मॅडम," रुपा म्हणाली. "भावाचं लगन होतं. रजेची दरखास्त फाईलीत लावेल हाये."

"मग जाण्याआधी केलं असशील."

"असन. त्या हप्त्यात अकरा टेबलं झाले आपले. कोनतं कोनाचं, आता काय सांगू?" तिने प्रिंट उलटसुलट पाहिली. "पन हे तुमचं नाई. वीस-वीसचं हाये. सरनं मले असंच शिकवलं. तुमचे पंधरा-पंधराचे राह्यतात, जोडताना मले लय तरास होते."

सुनयनाला हसू आलं. गुजरातच्या प्रयोगशाळेत लागलेली ती खोड होती.

मग देवानंद आला. तिशीचा, अबोल, कामाला वाघ. कापूस-ज्वारीच्या घरातला हा मुलगा फायली पाठवण्यासाठी म्हणून लागला होता. हे सगळं गणित सुनयनानेच त्याला संध्याकाळी थांबवून शिकवलं. मात्र गेल्या गुरुवारी तिला हैदराबादच्या एका कंपनीतून फोन आला होता. तीही कंपनी असलीच टेबलं करायची. देवानंदची मुलाखत झाली आहे, दोघांतून एकाला घ्यायचं आहे, माणूस कसा आहे? सोमवारी सांगते, असं सुनयनाने तेव्हा म्हटलं होतं आणि तेव्हापासून ते मनात खुपत होतं. मामा आजारी असल्याचं सांगून तो मागच्या महिन्यात दोन दिवस रजेवर गेला होता.

"ती मेल तुझ्या मशीनवरून गेली?"

"हाओ मॅडम."

"टेबल तुला कोणी दिलं?"

"ती फाईल त मले—"

"थांब. आधी हे सांग. मागच्या महिन्यात मामा आजारी होते, का तू हैदराबादला गेला होतास?"

देवानंदचा चेहरा उतरला. "हैदराबादले गेल्तो. नोकरीसाठी. तुमी मले शिकवलं, तुमालेच कसं सांगू? लाज वाटली."

"ते आपलंच काम करतात ना? इथलं नाव खराब झालं की इथली कामं कुणाकडे जातील?"

"मॅडम, मले जे फाईल भेटली तेच म्या पाठवली."

"असं सगळेच म्हणतात, देवानंद."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हे तिला नंतर फार आठवलं.

"तुमी हिसोब मांडून पाहा ना," तो म्हणाला. "तुमाले येते. एकशे सहासष्ट कुठून आलं, तो आकडाच सांगन तुमाले."

त्याने ऑफिसची चावी टेबलावर ठेवली आणि जिना उतरून गेला. केशवरावांनी त्याला थांबवलं नाही.

दुपारी हैदराबादची बाई पुन्हा फोनवर आली. माणूस विश्वासाचा आहे का? सुनयनाने टेबलावरची देवानंदची चावी ड्रॉवरमध्ये टाकली.

"मी हो म्हणू शकत नाही," ती म्हणाली.

३

घरी आल्यावरही ते वाक्य डोक्यातून जाईना. सुनयना गावातल्या घरी आईसोबत राहायची. आईला, बयनाबाईंना, चार दिवसांपासून कणकण होती. त्या बाजेवर पडून होत्या, आणि सुनयना समोरच लॅपटॉप उघडून बसली.

तक्रारीच्या पत्रात टेबलातले पाच-सहा आकडे दिले होते. तिने ते कागदावर मांडले. बबल पॉइंटला तेल वळण घेतं. तोवर दाबासोबत गॅस वाढत जातो, तेल फुगत जातं आणि पातळ होत जातं. पुढे गॅस थांबतो, तेल किंचित दबतं, किंचित घट्ट होतं. हाताने आकडे बदलणारा एखादा रकाना बदलेल, दुसऱ्यात फसेल. इथे तिन्ही रकाने एकाच जागी, एकशे सहासष्टला, सुबक वळत होते.

टेबल कुणी बदललेलं नव्हतं. ते जन्मलंच तसं होतं.

मग चूक टेबलात भरलेल्या माहितीत असली पाहिजे. नमुन्याची बाटली वाटेत गळल्यामुळे त्या तेलाचा बबल पॉइंट प्रयोगशाळेला मोजता आला नव्हता. तो सूत्राने काढायचा होता. सूत्राला चार गोष्टी लागतात: गॅस किती, गॅस किती जड, तेल किती हलकं, आणि जमिनीखालचं तापमान. पहिल्या तिन्ही पत्रात होत्या आणि बरोबर होत्या. उरलं तापमान.

ती तापमान खाली आणत गेली. नव्वद सेल्सिअस, सत्तर, पन्नास. आकडा उतरत होता, पण पोचत नव्हता. छत्तीसच्या पुढे सात दशांशाला तो एकशे सहासष्टवर येऊन टेकला.

छत्तीस पूर्णांक सात. अडीच किलोमीटर खोल तेल इतकं कोमट? हा आकडा आला कुठून?

"हे पाह्य वो माय," बयनाबाईंनी काखेतला थर्मामीटर काढून पुढे केला. "मले त दिसत नाई. ताप हाये का?"

सुनयनाने तो दिव्याखाली धरला. "नाही आई. अठ्ठ्याण्णव आहे. ताप नाही."

तिने थर्मामीटर खाली ठेवला. मग प्रयोगशाळेचं पत्रक काढलं. तापमान: अठ्ठ्याण्णव अंश सेल्सिअस. उकळायला आलेल्या पाण्याइतकं गरम तेल. पण हाच अठ्ठ्याण्णव कुणी फॅरेनहाइटच्या रकान्यात टाकला, तर ते होतं माणसाच्या अंगाइतकं. छत्तीस पूर्णांक सात.

टेबल काढण्यासाठी ऑफिसच्या कम्प्युटरवर जे तक्ते होते, त्यांपैकी फॅरेनहाइटचा रकाना एकाच तक्त्यात होता. केशवरावांनी कधीकाळी केलेल्या जुन्या तक्त्यात.

कुणी कुणाचा घात केला नव्हता. एका माणसाने एक आकडा चुकीच्या जागी टाकला होता, आणि देवानंदने मिळालं ते पाठवलं होतं. सुनयनाने फोन उचलून त्याला लावला. त्याने घेतला नाही. पुन्हा लावला, तेव्हा बंद होता.

४

मंगळवारी ती ऑफिसात पोचली, ती एकच प्रश्न घेऊन. बारा जूनला पाठवलेलं टेबल चुकीचं होतं, तर त्याच तारखेची बरोबर फाईल संग्रहात आली कुठून?

तिने प्रयोगशाळेचं पत्रक आणि केशवरावांनी दिलेली प्रिंट शेजारी शेजारी ठेवली आणि पहिल्या ओळीपासून बोट फिरवायला सुरुवात केली. बोट पहिल्याच ओळीवर थांबलं. गॅस पूर्ण निघून गेलेल्या तेलाचा घट्टपणा तिथे येतो, आणि तो सूत्राचा नसतो. प्रयोगशाळेने मोजलेला आकडा जसाच्या तसा उतरवायचा असतो. पत्रकात तीन पूर्णांक एक होता. प्रिंटमध्ये दोन पूर्णांक सात.

तिने नमुना तपासलेल्या प्रयोगशाळेत मोतीरामला फोन लावला. तो मूळचा यवतमाळचा, तिच्या जुन्या ओळखीचा.

"दोन पूर्णांक सातच बरोबर आहे," मोतीराम म्हणाला. "पहिल्या पत्रकात आमच्याकडून छपाईची चूक झाली होती. दुरुस्तीचं पत्र पाठवलं की आम्ही."

"कधी?"

"थांबा, पाहून सांगतो." कागदांची सळसळ झाली. "एकवीस ऑगस्ट. केशवराव सरांच्या नावाने."

सुनयनाने फोन ठेवला. प्रिंटवर तारीख बारा जूनची होती आणि तिच्यातला आकडा एकवीस ऑगस्टच्या आधी या ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हता. कम्प्युटरचं घड्याळ मागे सारून तारीख कुणालाही टाकता येते. ऑगस्टचं पत्र मात्र एकाच माणसाजवळ होतं.

५

केशवराव त्या दिवशी ऑफिसात आले नव्हते. ती त्यांच्या घरी गेली तेव्हा ते अंगणात उन्हाला बसले होते आणि त्यांची बायको सोनाबाई शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सुनयनाचा चेहरा पाहून सोनाबाई सूप घेऊन आत गेल्या.

तिने दोन्ही कागद त्यांच्या मांडीवर ठेवले आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवलं. त्यांनी चष्मा लावायचे कष्टही घेतले नाहीत.

"पत्र शनिवारीच आल्तं," ते म्हणाले. "रविवारी बसून फाईल केली म्या."

"का सर?"

"जूनचं ते टेबल माह्याच हातचं. म्हातारे डोळे. तापमान चुकीच्या खान्यात पडलं. या वयात बदनामी नको वाटली." त्यांनी मांडीवरचे कागद उलटे केले. "देवानंद तसाही हैदराबादले चालला होता. मले वाटलं, त्याचं काई बिघडत नाई."

"त्याचं बिघडलं, सर. त्यांनी मला फोन केला होता. मी नाही म्हणून सांगितलं."

केशवरावांनी मान वर केली. हे त्यांना ठाऊक नव्हतं. "अरारा," ते म्हणाले. "अरारा, पोरी."

तिने कागद उचलले. रागाने बोलायचं ठरवून आली होती, पण समोर एकाएकी खचलेला म्हातारा बसला होता. ती ऑफिसकडे चालत निघाली. अर्ध्या वाटेत, चौकातल्या चहाच्या टपरीपाशी, तिचे पाय थांबले.

सकाळचा गारवाही पंचावन्न म्हणून सांगणारा माणूस. चाळीस वर्षं फॅरेनहाइटमध्ये जगलेला. त्या तक्त्याचा प्रत्येक रकाना ज्याने स्वतः आखला, तो खोल विहिरीच्या तापमानासाठी तिथे अठ्ठ्याण्णव लिहील? त्याला तर ते लिहितानाच हसू आलं असतं. ही चूक सेल्सिअसमध्ये विचार करणाऱ्याची होती, त्या तक्त्याची सवय नसलेल्याची.

केशवराव खोटं बोलले होते. पहिलं खोटं उघडं पडल्यावर दुसरं कुणाला वाचवायला? रुपाला? पण ती बारा जूनला लग्नात होती, आणि वापरायची तोच तक्ता रोज.

ऑफिसात आल्यावर तिने मेल उघडली. पाठवलेल्या जुन्या मेलींमधून जूनची ती मेल कुणीतरी पुसली होती, म्हणून सकाळीच तिने कंपनीकडे मूळ फाईल परत मागितली होती. ती आली होती. तिने फाईल उघडली आणि दाबाचा रकाना खाली वाचत गेली.

पंधरा. तीस. पंचेचाळीस. साठ.

६

तेव्हा कुठे तिला तो दिवस आठवला. तिचं मशीन दुरुस्तीला गेलं होतं. रुपा नव्हती, म्हणून ती रुपाच्या मशीनवर बसली. तिथे तिचा नेहमीचा तक्ता नव्हता, केशवरावांचा होता. दुपारपर्यंत तीन टेबलं द्यायची होती. दोन रुपाने अर्धवट लावून ठेवलेली होती, तिसरं हे. आकडे भरले, फाईल पेन ड्राइव्हवर घेतली, देवानंदच्या हातात दिली आणि जेवायला गेली. अकरांतलं एक टेबल. पाच महिन्यांत ते तिच्या मनातून पुसून गेलं होतं.

संध्याकाळी ती पुन्हा केशवरावांच्या अंगणात उभी राहिली. काही बोलायची गरज पडली नाही.

"मूळ फाईल पाह्यली तू," ते म्हणाले. "पंधरा-पंधरा पाहून मले भी शनिवारीच समजलं, म्हणून मेल पुसली."

"मला सांगायचं होतं सर. त्याच वेळी."

"माह्या शब्दावर चांगली नोकरी सोडून आली तू. माह्यामागं हे ऑफिस तुह्यंच. आतापासूनच तुह्या नावाले बट्टा लागू द्यू? मले वाटलं मी तुले वाचवून राह्यलो."

त्यांच्यावर ओरडावं, असं तिला क्षणभर वाटलं. पण देवानंदवर ठपका त्यांनी ठेवला नव्हता. त्यांनी खोटी फाईल केली आणि गप्प राहिले. बोलली होती ती.

बुधवारी सकाळी तिने हैदराबादला फोन करून सगळं सांगितलं. त्या बाईने शांतपणे ऐकून घेतलं. वाईट वाटलं, म्हणाली. पण दुसऱ्या उमेदवाराला मंगळवारीच पत्र गेलं होतं.

७

गुरुवारी सुनयना भैंशाच्या बसमध्ये बसली. देवानंद मामाच्या कापूस-जिनिंगच्या कारखान्यात काम करतो, एवढं रुपाकडून कळलं होतं. जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग लागले होते. हवेत तंतू उडत होते आणि यंत्राच्या घरघरीत बोलणं ऐकू येत नव्हतं. देवानंद गाठी बांधायच्या यंत्रापाशी होता. केसांवर, भुवयांवर पांढरे तंतू. तिला पाहून तो बाहेर आला, नळावर हात धुतले आणि बसायला रिकामं पोतं अंथरलं.

ती बसली नाही. "ती फाईल मीच तुला दिली होती," ती म्हणाली.

"हाओ. रुपाच्या मशीनवर बसल्या होत्या तुमी."

"तुला माहीत होतं."

"मंग? माह्याच हातात देल्ली न."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगत होतो." तो खाली पाहत म्हणाला. "तुमी बोलू नाई देल्लं. मंग वाटलं, आता नाव घेतलं त मॅडम म्हनन, हा सोतावरचं माह्यावर ढकलून राह्यला. म्हनून म्हनलं, हिसोब मांडा. हिसोबाचं त आयकसान."

आतून कुणीतरी त्याला हाक मारली. त्याने हातानेच थांब म्हणून खुणावलं.

"सोमवारी मी हैदराबादला तुझ्यासाठी हो म्हटलं नाही. काल सगळं सांगायला पुन्हा फोन केला," ती म्हणाली. "ती जागा भरली."

"मालूम हाये. मंगळवारी मेल आली मले."

"परत ये देवानंद. सर स्वतः येणार होते, मीच नको म्हटलं. तुझी जागा—"

"नाई मॅडम." तो लगेच म्हणाला, पण कठोरपणे नाही. "दुसरीकडं पाहीन. तुमच्याजवळ आता मले काम नाई होनार. फाईल पाठवताना दर येळी हात थांबन माहा."

तिने पिशवीतून कागद काढला. कंपनीला पाठवायचा खुलासा होता तो. रात्री तीन वेळा लिहून पक्का केलेला, खाली तिची सही. एक प्रत त्याच्यासाठी. देवानंदने ओला हात शर्टाला पुसून कागद घेतला आणि उन्हात धरून सावकाश वाचला. दिनांक बारा जून रोजी माझ्याकडून तापमानाचा आकडा चुकून दुसऱ्या मापाच्या रकान्यात भरला गेला. पुढे चौकशीत आमचे सहकारी देवानंद यांच्यावर चुकून ठपका ठेवला गेला. त्यांचा यात कोणताही दोष नाही.

"बरोबर हाये?" तिने विचारलं.

यंत्र मधेच बंद पडलं आणि आवार एकदम शांत झालं.

"वरचं चुकून बरोबर हाये," तो म्हणाला. "आकडा कोनाच्याही हातून पडते. पन खालचं चुकून नोतं मॅडम. तुमी इचार करून बोलल्या होत्या."

कागद त्याने तिच्याकडे परत केला. सुनयनाने पेन काढलं. गुडघ्यावर पिशवी, पिशवीवर कागद ठेवून तिने दुसरा 'चुकून' खोडला आणि 'ठेवला गेला' हेही खोडलं. वर लिहिलं, 'मी ठेवला'. समासात पुन्हा सही केली, आणि पिशवीतल्या कंपनीच्या प्रतीवरही तसंच केलं.

देवानंदने वाचलं, मान हलवली आणि कागदाची घडी करून खिशात घातली. आत यंत्र पुन्हा सुरू झालं. "येतो मॅडम," तो म्हणाला, आणि कामावर गेला.